छायाचित्राबरोबर जागेचीही नोंद व्हावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात वाचकांनी पाठवलेली छायाचित्रे नियमितपणे प्रसिद्ध होतात. कधी रस्त्याकडेला उघड्यावर पडलेली मूर्ती असते, कधी गाळाने बुजत चाललेली विहीर, तर कधी कठडे ढासळलेला पूल. त्याखाली ‘खानापूर तालुक्यातील एका गावाजवळ’ किंवा ‘गोवा मार्गालगत’ एवढाच मजकूर बहुधा असतो. चार-सहा वर्षांनी कोणी ती मूर्ती शोधायला निघाला, तर या मजकुराच्या आधाराने त्याला तिथवर पोहोचता येणार नाही. छायाचित्र कोणत्या जागी उभे राहून काढले, हे अक्षांश-रेखांशांसह त्या छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदवण्याची सोय आता साध्या मोबाइलमध्येही असते. तिला जिओटॅगिंग म्हणतात. आपल्या सीमाभागासाठी ही सोय किती मोलाची आहे आणि ती वापरताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे गेल्या रविवारी बेळगाव ते हलशी असा दिवसभराचा सायकलप्रवास करून मी पडताळून पाहिले. त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तरी आपण त्याला जागा द्यावी, ही विनंती.

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक असून या प्रवासात माझा पुतण्या सोबत होता. त्याच्याजवळ मोबाइल होता आणि माझ्याजवळ जीपीएस नसलेला माझा जुना डिजिटल कॅमेरा. साधने मुद्दामच वेगवेगळी घेतली, कारण स्थाननोंदीच्या पद्धतीही दोन आहेत. मोबाइल उपग्रहांचे संकेत घेऊन आपली जागा ठरवतो आणि छायाचित्र काढताक्षणी ती ‘एक्झिफ’ या माहितीच्या कप्प्यात लिहून ठेवतो. एक्झिफचा नमुना १९९५ मध्ये जपानमध्ये ठरला आणि आज जवळपास प्रत्येक कॅमेरा व मोबाइल तो वापरतो. तारीख, वेळ, भिंग यांच्याबरोबर जागेचे रकानेही त्यात आहेत. दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा केवळ वेळ नोंदवतो, आणि खिशातले जीपीएस यंत्र किंवा मोबाइलमधील एखादे अ‍ॅप आपण चाललेल्या वाटेचा माग दर काही सेकंदांनी टिपत राहते. घरी आल्यावर ही मागाची फाइल आणि छायाचित्रे संगणकावर एकत्र आणली, की ‘डिजिकॅम’ किंवा ‘एक्झिफटूल’ यांसारखी मोफत साधने दोन्हींतील वेळा जुळवून प्रत्येक छायाचित्राला त्याची जागा लावून देतात.

या दुसऱ्या पद्धतीत सगळी मदार घड्याळावर असते. मागाच्या फाइलमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे, आणि हा फरक संगणकाला सांगावा लागतो. त्याहून बारीक बाब म्हणजे कॅमेऱ्याचे घड्याळ मिनिट-दोन मिनिटे पुढे-मागे असणे. सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाने चालली तर ती सेकंदाला ५ मीटर जाते; म्हणजे घड्याळात एका मिनिटाचा फरक असला तर छायाचित्राची जागा थेट ३०० मीटरने सरकते. खानापूरच्या बाजूला ३०० मीटरांत माणूस गावातून रानात पोहोचतो. यावर सोपा उपाय असा, की निघण्यापूर्वी मोबाइलवर सेकंदकाटा दिसणारे घड्याळ उघडावे आणि कॅमेऱ्याने त्याचेच एक छायाचित्र काढून ठेवावे. चित्रात दिसणारी वेळ आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ यांतला फरक मग दिवसभराच्या सर्व छायाचित्रांना लावता येतो. टिळकवाडीतून निघताना आम्ही हे सर्वांत आधी केले.

पिरनवाडी, मच्छे मागे टाकून आम्ही देसूरच्या पुढे आलो, तेव्हा राजहंसगड स्वच्छ दिसत होता. पुतण्याने तिथे सायकल थांबवून गडाचे छायाचित्र घेतले आणि लगेच नकाशावर उघडून पाहिले, तर खूण गडावर नव्हती, रस्त्यावर होती. यंत्राने काही चूक केलेली नाही, हे इथे समजून घेतले पाहिजे. जिओटॅग ज्याचे छायाचित्र काढले त्याची जागा सांगत नाही. छायाचित्र काढणारा कुठे उभा होता, ते सांगतो. कॅमेरा कोणत्या दिशेला रोखला होता, याचाही रकाना एक्झिफमध्ये आहे आणि होकायंत्र असलेले अनेक मोबाइल तो भरतात. परंतु मोबाइलचे होकायंत्र लोखंडाजवळ बिघडते आणि सायकल तर बहुतेक लोखंडाचीच असते. म्हणून ज्या वस्तूची नोंद करायची तिच्याजवळ जाऊन एक छायाचित्र घ्यावे आणि मग हवे तर दुरून दुसरे घ्यावे, हा क्रम आम्ही पुढे दिवसभर पाळला.

बेळगाव-खानापूर रस्ता रुंद झाला, तेव्हा त्याच्या दुतर्फा असलेली कितीतरी जुनी झाडे गेली. त्या झाडांखालून शाळेच्या सहलींच्या गाड्या नेलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती गोष्ट अजून सलते. त्या झाडांची छायाचित्रे पुष्कळांच्या घरी असतील, परंतु कोणता वड कोणत्या वळणावर होता, हे आज कोणी खात्रीने सांगू शकेल असे मला वाटत नाही. जागेची नोंद असती, तर निदान कोणत्या पट्ट्यात किती छाया होती याचा नकाशा काढता आला असता आणि नव्याने झाडे कुठे लावावीत हे सांगताना हाती काही पुरावा राहिला असता. आता खेडोपाडीच्या लहान रस्त्यांची पाळी येईल. जे अजून उभे आहे, त्याची नोंद करायला आज अवकाश आहे.

खानापूरला मलप्रभा ओलांडून आम्ही नंदगडला गेलो. क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांना २६ जानेवारी १८३१ रोजी याच गावी फाशी देण्यात आली आणि त्यांच्या समाधीचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. त्या जागेचा पत्ता हरवण्याची भीती नाही. पुढे हलशीची वाट लागते, आणि जागेची नोंद नसली म्हणजे काय होते, हे तिथे फार चांगले समजते. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका नगरी. त्यांचे जे ताम्रपट पुढे जे. एफ. फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने वाचून प्रसिद्ध केले, ते हलशीबाहेर नंदगडच्या रस्त्यावर, चक्रतीर्थ नावाच्या लहान विहिरीलगतच्या मातीच्या ढिगात सापडले, असे जुन्या नोंदी सांगतात. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील राजांची दाने ज्या पत्र्यांवर कोरली होती, त्यांच्या सापडण्याच्या जागेचे वर्णन ‘गावाबाहेर थोड्या अंतरावर’ एवढेच. त्या काळी याहून अधिक करता येण्यासारखे साधन प्रवाशाजवळ नव्हते, त्यामुळे दोष कोणाचाच नाही. आपल्याजवळ मात्र ते आहे.

हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात मोबाइलची मर्यादाही पाहायला मिळाली. या मंदिरात दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत. मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाइल साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा देतो, परंतु दगडी मंडपात शिरल्यावर उपग्रहांचे संकेत अडतात किंवा भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात. जागा आणि वेळ मिळून चार गोष्टी काढायच्या असल्याने निदान चार उपग्रहांचे संकेत लागतात, आणि ते नीट न मिळाल्यास यंत्र अंदाजाने काम चालवते. पुतण्याने मंडपात काढलेली काही छायाचित्रे नकाशावर मंदिराच्या आवाराबाहेर, शेजारच्या घरांवर जाऊन बसली. दोन गर्भगृहांमधले अंतर यंत्राच्या चुकीपेक्षा कमी असल्यामुळे कोणते छायाचित्र कोणत्या गर्भगृहाचे, हे जिओटॅगवरून कधीच कळणार नाही. ते शब्दांतच लिहावे लागते. स्थाननोंद आली म्हणून छायाचित्राखालची ओळ लिहिण्याचे काम संपले, असे समजणाऱ्या तरुण मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. आम्ही मंदिराबाहेर अंगणात येऊन, थोडा वेळ थांबून, तिथे एक छायाचित्र घेतले आणि आतल्या सर्व छायाचित्रांना घरी आल्यावर तीच जागा दिली.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ‘खानापूरच्या रानात रेंजच नसते, तिथे हे कसे चालणार?’ असे मला पुष्कळांनी विचारले. जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरज नसते. रेंज असली तर उपग्रहांची माहिती नेटवरून लवकर मिळते आणि जागा काही सेकंदांत सापडते. नसली तर तीच माहिती थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते, म्हणून वेळ अधिक लागतो, एवढाच फरक. झाडीतून बाहेर मोकळ्यावर येऊन मिनिटभर थांबले की काम होते. नकाशाची चित्रे मात्र आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावीत. उंचीच्या आकड्यावर कोणी फार विसंबू नये, कारण जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि दक्षिण भारतात हा फरक कित्येक ठिकाणी सत्तर-ऐंशी मीटरांचा आहे. काही यंत्रे तो दुरुस्त करतात, काही करत नाहीत.

परतीच्या वाटेवर एका शेताच्या बांधावर आम्हाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड, दिसला. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्याचे कारण पुढे लिहिले आहे. कमरेएवढा काळा दगड, डाव्या अंगाला कललेला. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर आणि त्याच्या पायाशी पडलेला शत्रू, मधल्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. तेलाने दगड चकचकीत झाला होता आणि तळाशी ताजे कुंकू होते. भातकापणी आटोपलेल्या त्या शेतात मसुरीची कोवळी रोपे वर आली होती. आम्ही मोबाइल आणि जीपीएस घेऊन दगडाभोवती फिरतो आहोत, हे पाहून शेताचे मालक लगबगीने आले आणि म्हणाले, “मोजणीला आलायसा काय? हिकडनं पण रस्ता काढायचं चाललंय काय?” बायपास आणि रिंगरोडच्या मोजण्यांनी बेळगावच्या आसपासच्या शेतकऱ्याला ज्या धास्तीत टाकले आहे, तिची कल्पना असल्यामुळे मला त्यांच्या प्रश्नाचे मुळीच नवल वाटले नाही. मी म्हणालो, “नाही मामा, ह्या दगडाची नोंद करतोय.” मोबाइलवरील छायाचित्र आणि त्याखालचे आकडे त्यांना दाखवले. त्यांनी ते लगेच ओळखले, कारण पीक समीक्षेसाठी, म्हणजे शेतातल्या पिकाच्या सरकारी नोंदीसाठी, त्यांचा मुलगा शेतात उभा राहून असेच छायाचित्र काढून पाठवतो. मग त्यांनीच दगडापुढची वाळकी फांदी बाजूला केली आणि सांगितले, “त्यो आमच्या रानातला देव. आमोशेला निवद असतोय.” हेही आम्ही छायाचित्राच्या टिपेत लिहिले. कोणाच्याही शेतात अशी नोंद करायची असेल, तर आधी मालकाला विचारून, सगळे दाखवूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

हा वीरगळ कोणत्या सरकारी यादीत आहे किंवा नाही, हा पुढचा प्रश्न; असे दगड आपल्या दोन-तीन तालुक्यांत बांधांवर, तळ्यांच्या काठी, देवळांच्या मागे विखुरलेले आहेत, हे खेड्यांतून फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मोटारीने जाणाऱ्याला ते दिसत नाहीत आणि पायी फिरणाऱ्याच्या आवाक्यात एका दिवसात दोन-तीन गावेच येतात. सायकल हे या कामासाठी योग्य वाहन आहे, कारण ती पाणंदीत शिरते, कुठेही थांबते, आणि तरीही दिवसभरात हलशीला जाऊन येण्याइतके ऐंशी-एक किलोमीटरचे अंतर तिच्यावर होते.

आता या नोंदी वाया कशा जातात, ते सांगतो. पहिली वाट व्हॉट्सअ‍ॅपची. छायाचित्र म्हणून पाठवलेल्या चित्रातील स्थाननोंद व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकते. त्यामुळे मोठ्या कष्टाने केलेली नोंद एका मित्राकडून दुसऱ्याकडे जाताना पुसली जाते आणि हाती नुसते चित्र उरते. तेच छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. दुसरी वाट चित्रावरच अक्षांश-रेखांश छापणाऱ्या अ‍ॅपची. रोजगार हमीच्या कामांपासून गटारीच्या तक्रारीपर्यंत सर्वत्र ती वापरात आहेत आणि तिथे त्यांचा उपयोगही असेल, परंतु त्या पट्टीखाली शिल्पाचा तळ झाकला जातो आणि शिलालेखाची शेवटची ओळ नेमकी तिथेच असते. नोंद फाइलच्या आत असावी, चित्राच्या अंगावर नसावी. तिसरी वाट आकडे हाताने उतरवून घेण्याची. बेळगाव साधारण १५ अंश ५१ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. दशांशात हे १५.८५ होतात. कोणी मिनिटे तशीच ठेवून १५.५१ असे लिहिले, तर जागा सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडते, म्हणजे शहरातली विहीर थेट खानापूर तालुक्यात जाते. दशांशानंतर चार आकडे लिहिले म्हणजे अकरा मीटरपर्यंत आणि पाच लिहिले म्हणजे सुमारे एका मीटरपर्यंत जागा सांगता येते. मोबाइलच्या अचूकतेचा विचार करता पाच आकडे पुरे.

अचूक जागा सर्वांना सांगणे मात्र प्रत्येक वेळी हिताचे नसते. सुटा वीरगळ किंवा सुटी मूर्ती उचलून नेता येते, आणि तिचा नेमका ठावठिकाणा जाहीर करणे म्हणजे चोराला वाट दाखवणे होय. म्हणूनच वर गावाचे नाव दिलेले नाही. त्या दगडाची पूर्ण नोंद मी संबंधित कार्यालयाकडे आणि गावच्या पंचायतीकडे देत आहे. रानातल्या जिवांचेही तसेच आहे. २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या भीमगडच्या परिसरातील बारापेडे गुहा हे रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाचे जगातील अत्यंत थोड्या वसतिस्थानांपैकी एक आहे, आणि दीर्घकाळ तर हेच एकमेव ठिकाण मानले जात होते. गुहेत माणसांची वर्दळ वाढली, की अशी वटवाघळे जागा सोडतात. दुर्मीळ प्राणी, पक्ष्यांची घरटी, रानातली ऑर्किड यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यांतली स्थाननोंद काढून टाकावी. अभ्यासकांना ती स्वतंत्रपणे देता येते. घरातील मुलांच्या छायाचित्रांबाबतही हीच काळजी घ्यावी.

२०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशे आणि स्थानविषयक माहिती यांवरील बरीच बंधने उठवली. आम्ही शिकवत होतो त्या काळी तालुक्याचा चांगला नकाशा वर्गात आणायचा म्हटले तरी अर्ज-विनंत्या कराव्या लागत. आज नववीतला विद्यार्थीही आपल्या गावाच्या नकाशात अचूक भर घालू शकतो, आणि ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशावर आपल्या खेड्यांतील विहिरी, तळी, पाणंदी अजून मोठ्या प्रमाणावर कोऱ्याच आहेत. मराठी आणि कन्नड, दोन्ही माध्यमांच्या शाळांनी हे काम हाती घ्यावे आणि प्रत्येक नोंदीत गावात चालणारी दोन्ही भाषांतली नावे लिहावीत, असे मला कळकळीने वाटते. राणी चन्नम्मा विद्यापीठातील इतिहास व भूगोलाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेक गाव देता येईल. यासाठी मोठा खर्च नाही. हवी आहे ती सवय आणि शिस्त.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी आहे. वाचकांकडून छायाचित्रे मागवताना ती मूळ फाइलच्या स्वरूपात, स्थाननोंद चालू ठेवून पाठवावीत, असे आवाहन आपण छापावे. प्रसिद्ध करताना गावाचे नाव पुरेसे आहे. अक्षांश-रेखांश आपल्या संग्रहात राहावेत आणि अभ्यासकाने मागितल्यास, जागा जोखमीची आहे की नाही ते पाहून, त्याला मिळावेत. विहीर, पूल, मैलाचा दगड, मोठे झाड अशा हलवता न येणाऱ्या गोष्टींची जागा उघड छापायला हरकत नाही. ज्या शाळेला घड्याळ जुळवण्यापासून मागाची फाइल लावण्यापर्यंतचे काम शिकून घ्यायचे असेल, तिथे येऊन ते शिकवण्याची माझी तयारी आहे. आपल्या कार्यालयामार्फत निरोप मिळाला तरी चालेल.

हे आवाहन लवकर व्हावे, कारण आता सुगी आटोपत आली आहे, शिवारे मोकळी आहेत आणि बांध दिसतात. जूननंतर खानापूरच्या बाजूला गवत कमरेपर्यंत वाढते, आणि मग बांधावरचे दगड शोधण्यासाठी पुन्हा पुढच्या कापणीपर्यंत थांबावे लागते.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव